त्र्याण्णव टक्के

९३ टक्के म्हटलं, की मराठी मध्यमवर्गीय माणसाच्या डोळ्यांपुढे आधी पेढे येतात. मग क्लासच्या जाहिरातीतला मुलाचा फोटो, आणि मग "गणितात दोन मार्कांनी मार खाल्ला हो, नाहीतर पंच्याण्णव कुठे गेले नव्हते," हे मातोश्रींचं वाक्य. मी स्वतः बी.कॉम., ५१ टक्के. त्यामुळे घरात टक्क्यांचा विषय निघाला की मी गॅलरीत जाऊन तुळशीला पाणी घालतो. दहावीच्या निकालाच्या आठवड्यात आमची तुळस कुजली.

पण आज ज्या ९३ टक्क्यांविषयी सांगायचं आहे, त्यांना कोणी पेढे देत नाही. ते मला भेटले एका कोरियन मालिकेत. मालिकेचं नाव 'स्क्विड गेम'. सप्टेंबर २०२१ मध्ये आली, नऊ भागांची, आणि जगभर गाजली. आमच्याकडे ती चिरंजिवांनी लावली.

"स्क्विड म्हणजे काय रे?" सौ.नं आतून विचारलं.

"माकूळ," मी म्हटलं.

"म्हणजे स्वयंपाकाचं दिसतंय!" असं म्हणत ती हात पुसत येऊन बसली, आणि पहिल्याच भागात गोळीबार सुरू झाल्यावर उठायचं विसरली.

थरारक मालिका बँकेच्या कारकुनाशेजारी बसून पाहू नये, असं माझ्या घरच्यांचं मत आहे. नायकाच्या पाठीमागे मारेकरी लागलेले असतात आणि मी विचारतो, "एवढी रक्कम याला रोख दिली कशी? पॅन कार्ड घेतलं का?" चिरंजीव त्या वेळी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहतात, ती नजर मी ओळखतो. चार वाजून पाच मिनिटांनी काउंटरवर येणाऱ्या गिऱ्हाइकाकडे आमचे कॅशियर तशाच नजरेनं पाहतात.

पण ही मालिका जणू माझ्यासाठीच काढलेली. कारण तिच्यात सगळेच कर्जदार! गळ्यापर्यंत बुडालेली ४५६ माणसं एका बेटावर नेतात आणि त्यांना लहान मुलांचे खेळ खेळायला लावतात. हरला त्याला गोळी. शेवटी उरेल त्याला ४,५६० कोटी वॉन. आमच्या वसुली खात्याच्या साहेबांना मी ही गोष्ट सांगितली तर ते म्हणाले, "कल्पना बरी आहे, पण हेड ऑफिसची मंजुरी मिळणार नाही."

नायक गी-हून. म्हाताऱ्या आईच्या जिवावर जगणारा, घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावणारा. आईचं कार्ड उचलतो, पिन ओळखून काढतो. तो पिन म्हणजे त्याच्याच मुलीचा वाढदिवस! (जन्मतारखेचा पिन ठेवू नका, असं आमच्या बँकेत भिंतीवर लिहिलेलं आहे. ते आम्ही सोडून कोणी वाचत नाही.) शर्यतीत त्याला ४५ लाख ६० हजार वॉन लागतात, तेव्हा तो खुशीत येऊन पैसे देणाऱ्या मुलीला दहा हजारांची बक्षिशी देतो. पुढे खिसा कापला जातो, तर परत येऊन तिच्याकडून ती बक्षिशी मागून घेतो. इतकी वर्षं नोकरी झाली, खिडकीच्या अलीकडच्या माणसाला बक्षिशी मिळालेली मी त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिली, आणि तीही परत गेली.

आता हा गी-हून मुळात असा नव्हता. मोटारीच्या कारखान्यातला कामगार. कपात झाली, संप झाला, पोलिसांनी संप मोडला, आणि सोबतचा कामगार त्याच्या डोळ्यांदेखत मेला. बेटावर एका रात्री पहारा देताना त्याला ते सगळं पुन्हा दिसू लागतं. मालिकेतल्या कारखान्याचं नाव ड्रॅगन मोटर्स. दिग्दर्शक ह्वांग डोंग-ह्युक यांनी सांगितलं आहे, की त्यांच्या मनात होता तो २००९ चा सांगयोंग मोटर्सचा संप. तो ७७ दिवस चालला होता. सांगयोंग म्हणजे जोड-ड्रॅगन. आणि आपल्या मुंबईच्या महिंद्रांनी २०११ मध्ये विकत घेतली ती हीच कंपनी. २०२२ मध्ये ती पुन्हा कोरियन हातात गेली. जग लहान आहे म्हणतात ते असं.

तर गी-हूनचं बिंग आधीच फुटलेलं आहे. तो जुगारी आहे हे त्याच्या आईला ठाऊक, घटस्फोट घेतलेल्या बायकोला ठाऊक, सावकाराला तर फारच ठाऊक. त्याची मला भीती वाटली नाही. भीती वाटली ती दुसऱ्याची. त्याचं नाव सांग-वू.

सांग-वू गी-हूनच्याच गल्लीतला, पण सोलच्या सर्वांत नामांकित विद्यापीठाचा वाणिज्य शाखेचा पदवीधर. म्हणजे आमच्याच जातकुळीतला, फक्त ५१ टक्केवाला नव्हे. गुंतवणुकीच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, सूट, टाय, चष्मा. आई बाजारात मासे विकते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगते, "मुलगा कंपनीच्या कामानं अमेरिकेला गेलाय." मुलगा अमेरिकेला गेलेला नसतोच. गिऱ्हाइकांचे पैसे वायदेबाजारात लावून तो ६०० कोटी वॉन हरलेला असतो, आणि आईचं घर व गाळा दोन्ही गहाण पडलेलं असतं. तिला त्यातलं अक्षरही माहीत नाही.

इथे एक गंमत आहे. कोरियन भाषेत वायद्याला जो शब्द आहे, तोच भेटवस्तूलाही आहे. सांग-वू कबूल करतो की पैसे वायद्यात गेले, तर भोळ्या गी-हूनला वाटतं, यानं कोणाला तरी भेट दिली! अशी कोण बाई आहे हिला एवढी महागाची भेट दिली, अशी त्याला शंका येते. आम्ही सगळे हसलो. मग सौ. म्हणाली, "बाई असती तर बरं झालं असतं. निदान आईला कळलं तरी असतं."

आता वायदा म्हणजे मुळात जुगार नव्हे, हे मी बी.कॉम. या नात्यानं सांगून ठेवतो. कापूस हाती येण्याआधी त्याचा भाव पक्का करून घेण्याची ती शहाणी सोय आहे. पण ज्याच्या घरात गादीपुरताही कापूस नाही, तो रोज सकाळी सव्वानऊला फोन घेऊन बाथरूममध्ये जाऊन बसू लागला, की तो भाव पक्का करत नसतो.

आणि आता ते ९३ टक्के. पहिल्या खेळात २५५ माणसं मरतात, २०१ उरतात. नियमाप्रमाणे मतदान होतं, एका मतानं खेळ बंद होतो आणि सगळ्यांना घरी सोडतात. सौ.नं सुटकेचा श्वास टाकला. पण पुढच्याच भागात २०१ पैकी १८७ माणसं आपल्या पायांनी परत येतात. मी सवयीनं पाकिटाच्या पाठीवर टक्केवारी काढली. ९३!

"वेडी आहेत का ही?" सौ. म्हणाली.

वेडी कसली? आपल्या धर्मराजानं दुसरं काय केलं? द्रौपदी भरसभेत ओढली गेली, धृतराष्ट्रानं घाबरून सगळं राज्य परत दिलं, मंडळी रथात बसून निघाली, आणि वाटेत निरोप आला, 'आणखी एक डाव?' धर्मराज माघारी फिरला! सत्य न सोडणारा माणूस तो, पण फासे पाहिले की त्याला हस्तिनापूर जवळ वाटायचं. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी २०१३ मध्ये जुगाराला दारूच्या पंक्तीत नेऊन व्यसन म्हणून बसवलं. त्याची त्यांनी नऊ लक्षणं दिली आहेत. एक लक्षण म्हणजे हरलेलं भरून काढायला पुन्हा जाणं, आणि दुसरं म्हणजे घरच्यांशी खोटं बोलून ते लपवणं. मला वाटतं, ही दोन एकमेकांच्या आधारानं उभी असतात. उघड्यावर हरलेला माणूस परत निघाला तर बायको पदर खोचून दारात उभी राहते. लपून हरलेल्याला अडवणार कोण?

आमचा तो गी-हून ४,५६० कोटी जिंकल्यावरही परत गेलाच. २०२४ च्या शेवटी दुसरं पर्व आलं, त्यात तो पुन्हा त्याच खेळात हजर. कारण सांगतो, खेळ बंद पाडायला आलोय. परत जाणाऱ्या प्रत्येकाजवळ चांगलंसं कारण असतंच.

त्याच २०२४ च्या सप्टेंबरात मी पेपरात सेबीचा अहवाल वाचत होतो. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शन खेळलेली साधी माणसं, तुमच्या-आमच्यासारखी, एक कोटीच्या वर. त्यांचा एकत्रित तोटा एक लाख ऐंशी हजार कोटींहून जास्त. आणि तोट्यात गेलेल्यांचं प्रमाण? ९३ टक्के! पेपर माझ्या हातातून चहात पडला. पुढे लिहिलं होतं, की सलग तोटा खाऊनही पाऊणशेर, म्हणजे शंभरातले पंचाहत्तरांहून जास्त लोक, पुन्हा खेळत राहिले. २०२४-२५ मध्ये हरणारे ९१ टक्क्यांवर आले. गुणपत्रिकेत एवढी घसरण झाली असती तर आमच्याकडे शिकवणी लावली असती.

कागदावरचे आकडे मला नवे नाहीत, जन्म त्यातच गेला. पण काही आकड्यांना चेहरे असतात. आमच्या काउंटरवर एक मावशी यायच्या. निवृत्त शिक्षिका, यजमान गेलेले. सहा महिन्यांत त्या तिसऱ्यांदा मुदतठेव मोडायला आल्या. पहिल्यांदा मुलाचा कसलासा कोर्स होता, दुसऱ्यांदा त्याच्या भाड्याच्या जागेचं डिपॉझिट. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "तो शेअरबाजाराचा अभ्यास करतोय हो," आणि हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता, तो मी त्या मासळीवाल्या आईच्या चेहऱ्यावर पाहिला होता.

ठेवीची रक्कम जायची ती मायलेकांच्या संयुक्त खात्यात. अशा खात्याला आमच्या भाषेत 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' म्हणतात. दोघांपैकी कोणीही, किंवा मागे राहील तो. मालिकेत गोट्यांच्या खेळाला जोड्या लावतात, तिथेही नेमका हाच नियम आहे.

खातं मुलाच्या फोनवर, पासबुक मावशींच्या पर्समध्ये, आणि ते चौदा महिने भरलेलं नव्हतं. मी म्हटलं, "मावशी, आधी पासबुक भरून घेऊ. पण आज प्रिंटर बंद आहे. शनिवारी मुलाला घेऊन या." 'प्रिंटर बंद आहे' हे वाक्य मी नोकरीत हजार वेळा खरं बोललो आहे. खोटं त्या दिवशी पहिल्यांदा बोललो.

शनिवारी मुलगा आला. अठ्ठावीस-तीसचा, शर्ट खोचलेला, अदबीनं 'काका' म्हणणारा. मी पासबुक प्रिंटरमध्ये सारलं. कर्र-टक, कर्र-टक. एक तारखेला पगार जमा, दोन तारखेला दलालाकडे रवाना. ठेव मोडून जमा, त्याच दुपारी रवाना. मध्येच चार आकडी रक्कम परत आलेली, आणि तिच्यामागोमाग पाच आकडी गेलेली. पान संपलं, मी उलटलं. पासबुक संपलं, मी दुसरं काढलं. मावशी चष्मा सावरून, वह्या तपासतात तसं एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत होत्या.

"काका, पुरे. बंद करा ना," मुलगा हळूच म्हणाला. पण तो प्रिंटर हवा तेव्हा चालू होत नाही आणि सुरू झाला की पान संपल्याशिवाय थांबत नाही.

मी वाट पाहत होतो, आता मावशी 'किती गेले' म्हणून विचारणार. त्यांनी विचारलं नाही. बोट त्या ओळीवरच ठेवून त्या म्हणाल्या, "हे सगळं तू एकटाच बघत होतास होय रे?"

मुलगा काही बोलला नाही. मावशींनी ठेव मोडायचा फॉर्म चार घड्या घालून पर्समध्ये टाकला. जेवणाची सुट्टी होईपर्यंत दोघं बाकावर बसून होती. आमच्या शिपायानं न सांगता दोन चहा नेऊन दिले. त्याचे पैसे त्यानं माझ्याकडून घेतले, ते सोडा.

पुढे काय झालं, ते सांगायला बँकेचा गुप्ततेचा नियम आड येतो. एवढं सांगितलं तेही खाणाखुणा बदलून. तरी एक गोष्ट सांगायला हरकत नसावी. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मायलेक पासबुक भरायला येतात. आत्ता त्यांचं तिसरं पासबुक चालू आहे. दुसरं तीन महिन्यांत संपलं होतं. तिसऱ्याला वर्ष होत आलं, तरी अजून अर्धं कोरं आहे.