दिंडीतला नवखा

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांची आणि अष्टमीला आळंदीहून ज्ञानोबांची पालखी पंढरपूरकडे निघते. तुकोबांची पालखी देहूरोड, निगडीवरून आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते आणि दुसऱ्या दिवशी चिंचवड, पिंपरी, कासारवाडी, दापोडी करत पुण्यात शिरते. ज्ञानोबांची पालखी दिघीवरून जाते. त्यामुळे वारीत पहिल्यांदाच पाऊल टाकणारा माणूस कामगारवस्तीच्या या पट्ट्यात हमखास भेटतो. रात्रपाळी संपवून थेट रस्त्यावर आलेला चाकणचा कामगार, हिंजवडीच्या कंपनीत काम करणारी तरुणी, मराठवाड्यातून येऊन भोसरीत खोली घेतलेले कुटुंब यांतल्या पुष्कळांच्या गळ्यात माळ नसते आणि तोंडी एकही अभंग पूर्ण नसतो. त्यांना दिंडीत सामावून घेणे हे चाल लावण्याइतकेच शिकून घ्यायचे काम आहे.

दिंडीची रचना या कामाला अनुकूल आहे. पुढे पताकावाले, त्यांच्यामागे दोन रांगांत टाळकरी, रांगांच्या मधल्या जागेत पखवाजवाला, मग विणेकरी आणि मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. अभंग सांगणारे मोजकेच असतात, बाकीचे धृपद धरतात. धृपदाची ओळ इतक्या वेळा येते की कधीच न ऐकलेला माणूसही थोड्या वेळात ती म्हणू लागतो. आपल्याला येत नाही हे सांगण्याची वेळच त्याच्यावर येत नाही. जाणत्या टाळकऱ्याने एवढेच पाहावे की नवखा रांगेच्या शेवटी एकटा पडणार नाही, दोन सरावलेल्यांच्या मध्ये चालेल.

टाळ त्याच्या हातात लगेच देऊ नये. आधी टाळ्या वाजवू द्याव्यात, पावलीचा ठेका अंगात भिनू द्यावा. टाळाची दोरी बोटांत कशी धरायची, नाद कुठे मोकळा सोडायचा आणि कुठे दाबायचा, हे शेजारच्याच्या हाताकडे बघून कळते. चालता चालता शब्दांत समजावू लागले की दोघांचीही लय सुटते. ठेका चुकला तर वळून बघायचे नसते, आपला टाळ थोडा ठळक वाजवायचा. चुकलेल्याला आपली जागा आपोआप सापडते. चारचौघांत टोकलेला माणूस मात्र बहुधा पुढच्या विसाव्यावर दिंडी सोडतो, आणि असे कितीतरी चांगले गळे वारीने गमावले आहेत.

टोकणारे प्रत्येक ठिकाणी असतात. माळ कधी घातली, गुरू कोण, फड कोणता, गाव कोणते, हे प्रश्न ओळखीसाठीही विचारले जातात आणि अडवण्यासाठीही. उपनगरांतल्या जुन्या गावठाणांत अखंड हरिनाम सप्ताहाच्या वेळी हे अधिक जाणवते. कीर्तनकाराच्या मागे उभे राहण्याचा मान गावकऱ्यांकडे आणि भाडेकरू मंडपाच्या कडेला, अशी वाटणी कुणी न ठरवताच होऊन बसते. ती मोडण्याची सोयही सप्ताहातच आहे. सातही दिवस वीणा खाली ठेवायची नसते, म्हणून पहाऱ्याला माणसे लागतात, आणि मध्यरात्रीनंतरच्या पहाऱ्याला तर नेहमीच कमी पडतात. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्याला रात्र जागण्याची सवय असते. त्याच्या गळ्यात वीणा दिली, देणाऱ्या-घेणाऱ्याने एकमेकांच्या पायांना हात लावला, की तो सप्ताहाचा झाला. पहाऱ्याच्या यादीत नव्यांची नावे आधी लिहावीत, ही रीत प्रत्येक मंडळाने धरण्यासारखी आहे.

अडवणुकीला या परंपरेत जुना इतिहास आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. चोखोबांना पंढरीच्या देवळात जाता आले नाही. त्यांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. देहूत तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या. विरोध करणारे वाघोलीचे रामेश्वर भट्ट नंतर त्यांचेच शिष्य झाले. ब्राह्मण घरातल्या बहिणाबाईंना तुकोबांना गुरू मानल्यामुळे घरात आणि घराबाहेर छळ सोसावा लागला. पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. तिथल्या बडवे-उत्पात पुजाऱ्यांचे वंशपरंपरागत हक्क तर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने संपले. ज्यांना बाहेर ठेवले त्यांचेच अभंग आज दिंडीत रोज म्हटले जातात. ते म्हणत असताना शेजारच्याची जात किंवा गाव विचारणे हा त्या अभंगांचाच अवमान आहे.

स्वागत म्हणजे शिस्त सैल करणे नव्हे. ज्ञानोबांच्या रथापुढच्या 27 दिंड्यांचा क्रम ठरलेला आहे आणि तो कुणासाठी बदलत नाही. मुक्कामाने चालणाऱ्याने दिंडीच्या खर्चाची भिशी भरायची, रांग मोडायची नाही, भजन चालू असताना फोन काढून चित्रीकरण करायचे नाही, तळावर व्यसन करायचे नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे, आणि सर्वांना सारखे सांगावे. नियम आधी सांगितला तर नवख्याला आधार मिळतो. चूक झाल्यावर काढलेला नियम त्याला अपमान वाटतो. माळ मात्र आग्रहाने घालू नये. तिच्याबरोबर एकादशी, शाकाहार आणि नेमाची वारी येते, आणि तो निर्णय ज्याचा त्यानेच वेळ घेऊन करावा. बिनमाळेचा माणूस दिंडीत वर्षानुवर्षे चालला तरी काही बिघडत नाही.

तक्रार असेल तर तिचीही रीत आहे. ज्ञानोबांच्या पालखीच्या तळावर संध्याकाळच्या समाजआरतीआधी चोपदार दंड उंचावतो आणि सगळे टाळ थांबतात. जिची तक्रार आहे ती दिंडी टाळ वाजवतच राहते, चोपदार तिच्याकडे जातो आणि गाऱ्हाणे सर्वांसमोर ऐकले जाते. कुजबुजीला त्यात जागा राहत नाही. शहरातल्या भजनी मंडळांनी हा गुण उचलावा: नव्या माणसाबद्दल आक्षेप असेल तर तो त्याच्या समोर, विणेकऱ्याच्या देखत मांडावा.

पालखी पुढे गेल्यावर खरे काम सुरू होते. एक दिवस चाललेल्या माणसाला सोसायटीजवळच्या मंदिरात हरिपाठ किती वाजता असतो हे सांगावे, आणि तो आला की त्याच्या पाळीचा आठवडा विचारून ठेवावा. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात तो येणार नाही. त्याला गैरहजर धरू नये. असा माणूस चार-सहा एकादश्यांना आला की हरिपाठ त्याच्या तोंडी बसतो, आणि पुढच्या ज्येष्ठात आकुर्डीच्या मुक्कामावर तोच कुणा नवख्याला आपल्या शेजारी उभा करून घेतो.