पाटकरी कोण?

‘सर्वांचे’ हा शब्द मराठीत मोठा फसवा आहे. ओसरी सर्वांची असते, झाडणारे हात मात्र ठरलेले असतात. पंचवटीत, कारंजापासून चालत जाण्याच्या अंतरावर, भाषांतर आणि मुद्रितशोधन करणारे आमचे लहानसे कार्यालय आहे. त्यात सहा संगणक आणि त्या सहांना नेटवर्कने जोडलेला एक लेझर प्रिंटर. तोही असाच ‘सर्वांचा’.

त्याची कामे मोजायला बसलो तेव्हा यादी लांबत गेली. टोनर संपण्याआधी मागवणे. अडकलेला कागद मागचे झाकण उघडून, फाटू न देता ओढून काढणे. पावसाळ्यात गोदाकाठची हवा उघड्या रीममध्ये शिरते, कागद वाकतो आणि अडकतो. म्हणून उरलेला गठ्ठा पुन्हा वेष्टनात बांधणे हेही कामच. वीज जाऊन आली की राउटर कधी यंत्राला नवाच पत्ता देतो, आणि संगणक जुन्या पत्त्यावर मजकूर धाडत राहतात (इतके आज्ञाधारक टपाल आम्ही अन्यत्र पाहिलेले नाही). एक बिघडलेली फाइल मागची सारी रांग खोळंबवते. ती रद्द करण्याचा अधिकार कोणाचा? ट्रेमध्ये पडून राहिलेला करारनामा न वाचता ज्याचा त्याला कोणी नेऊन द्यायचा?

वर्षभर ही सगळी कामे सर्वांत कनिष्ठ मुद्रितशोधक मुलीकडे जात राहिली. तिचे टेबल यंत्राशेजारी, एवढेच कारण. तिला मोबदला पानामागे मिळे. म्हणजे अडकलेला प्रत्येक कागद तिच्या मिळकतीतून वजा होई. एका सोमवारी तिने दोन आकडे शांतपणे पुढे ठेवले: तपासलेली पाने, आणि यंत्रापाशी गेलेले तास.

पाळी लावावी, असे पहिले मत पडले. पण पाळीत प्रत्येक जण आपला दिवस निभावतो आणि टोनर पुढच्याच्या दिवशी संपेल अशी आशा धरतो. तेव्हा बागलाणच्या एका सहकाऱ्यांनी फडाची आठवण काढली. मोसम, आरम, पांझरा या नद्यांवरच्या बंधाऱ्यांतून पाणी घेणारी फडपद्धती नाशिक-धुळे भागात शतकानुशतके चालत आली. आता ती पुष्कळ ठिकाणी क्षीण झाली आहे. पाट साऱ्यांचा, तरी पाटाकडे पाहायला पाटकरी, शेतोशेत पाणी द्यायला बारेकरी, पिकाच्या राखणीला जागल्या नेमलेला. आणि त्यांचा मेहनताना लाभधारक शेतकऱ्यांनी मिळून द्यायचा. आम्हांला त्यातली पदनामे विशेष वाटतात. नाव असलेल्या कामाचे मोल मागता येते. त्या मुलीच्या कामाला आमच्याकडे ‘मदत’ म्हणत, आणि मदतीचे बिल कोण करतो?

पाटकरीपण तिलाच द्यावे, असे सुचवले गेले. तिने नाकारले, तिला पाने तपासायची होती. मासिक वेतनावरच्या एका सहकाऱ्यांनी ते घेतले, आठवड्याचे दोन तास त्यांच्या कामातून त्यासाठी मोकळे करून. पत्ता कायमचा बांधला गेला. अडकलेला कागद ज्याचा त्याने काढायचा, हेही ठरले. तिचे टेबल आता खिडकीपाशी आहे. यंत्र कुरकुरले की तीही इतरांसारखी मान वर करून विचारते, ‘‘कोणाचा कागद?’’