निसर्गाचा दशांश

दशांश म्हटला की आपणां ख्रिस्ती जनांना आब्राहामाने मलकीसदेकाला दिलेला दहावा हिस्सा आठवतो. निसर्गही असाच एक दशांश पाळतो, हे आम्हांला मुदखेडच्या शिवारात उमगले.

उपवासकाळातला शुक्रवार होता. रब्बीची ज्वारी काढणीला आली होती. वर एक कापशी घार हवेत एका जागी पंख फडफडवीत होती. धाटे लाखोंनी, नाकतोडे हजारांनी, सरडे-उंदीर मोजके आणि कापशी एकच! असे का?

याचे उत्तर रेमंड लिंडमन या अमेरिकन तरुणाने शोधले. मिनेसोटातील एका लहानशा तळ्याचा त्याने वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्याचा निबंध १९४२ साली प्रसिद्ध झाला. परंतु तो पाहण्यापूर्वीच, वयाच्या २७ व्या वर्षी, तो निवर्तला. त्याच्या मांडणीतूनच पुढे दहा टक्क्यांचा नियम रूढ झाला. वनस्पतीत १००० भाग ऊर्जा असेल, तर ती खाणाऱ्याच्या अंगी सुमारे १०० भाग लागते आणि त्याला खाणाऱ्याच्या अंगी जेमतेम १०. उरलेली श्वासात, हालचालीत, उष्णतेत खर्ची पडते. काही न खाल्लेलीच राहते, काही मलावाटे जाते. हे प्रमाण सर्वत्र सारखे नसते. कुठे ५ टक्के, कुठे २०. तथापि शिडी जितकी उंच, तितके वरचे ताट लहान, हे खरेच.

१९७२ च्या दुष्काळात आम्ही लहान होतो. रेशनवर परदेशी मिलो मिळे. एके दिवशी आईने कोंबड्यांपुढे दाणे टाकणे बंद केले व त्या विकून टाकल्या. आम्ही रडलो, आईला निर्दय म्हणालो. गाय मात्र तिने राखली. आज तो हिशेब कळतो. कोंबडीला घातलेल्या दाण्यांतले थोडेच अंड्यातून परत येते. तेच दाणे भाकरीत गेले तर लेकरांची पोटे भरतात. गाय खाई तो कडबा; तो माणसाला पचत नाही, पण त्याचे दूध होते. आईने लिंडमनचे नावही ऐकले नव्हते; मूठभर दाण्यांचे मोल तेवढे तिला ठाऊक होते.

शुक्रवारी मांस वर्ज्य करताना आम्ही आजवर केवळ आत्मसंयमाचा विचार करीत आलो. आता वाटते, त्या दिवशी आपण शिडीची एक पायरी खाली उतरून जेवतो. जो सर्वांत वर बसला आहे, त्याचे ताट असंख्यांच्या जिवावर भरलेले असते. त्यातला दहावा घास भुकेल्यासाठी काढणे हे दान नव्हे, वाचकहो, ती परतफेड आहे.