तलावाकाठची वाट आणि 1930 चा कागद

भंडारदऱ्याला फिरायला येणारा माणूस नाक्यावर पावती फाडतो आणि तलावाच्या कडेकडेने मुतखेल, रतनवाडीकडे निघतो. मे-जूनमध्ये काजवे, पावसाळ्यात धबधबे, थंडीत पाण्याकाठी तंबू. काठच्या पायवाटांना तो 'ट्रेल' म्हणतो. जणू त्याच्यासाठीच कुणी त्या आखून ठेवल्या.

आम्ही त्याच वाटांनी गेलो, पण वनहक्क दाव्याचे कागद घेऊन. काठावरच्या एका गावात बौद्धांची चार घरे आहेत. त्यांतल्या एका घरचे बाबा सत्तरी ओलांडलेले. त्यांच्याकडे रेशनकार्ड आहे, मतदार ओळखपत्र आहे. कायद्याला एवढे पुरत नाही.

2006 चा वनहक्क कायदा आदिवासींकडून 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा मागतो. 'इतर पारंपरिक वननिवासी' असाल तर त्या तारखेच्या आधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे, तिथे राहत असल्याचे दाखवावे लागते. हिशेब 1930 वर जातो. प्रवरेवरचे विल्सन धरण 1926 चे, महाडचा सत्याग्रह 1927 चा. सरकार डोंगरात नवे तळे भरत होते तेव्हा आपली माणसे जुन्या तळ्यातल्या ओंजळभर पाण्यासाठी डोकी फोडून घेत होती. त्या काळातला कागद आपल्यापैकी किती जणांच्या घरात आहे?

आमचे काही मित्र इथे घसरतात आणि आदिवासींना झुकते माप दिले म्हणतात. आम्हाला ते मान्य नाही. आदिवासींना मिळाले ते हक्काचेच. प्रश्न आपल्यावर टाकलेल्या 75 वर्षांच्या अटीचा आहे.

गावकीत महाराचे काम काय होते? गावाची शीव राखणे, आलेल्या साहेबाला पुढच्या गावापर्यंत वाट दाखवणे, त्याचे ओझे वाहणे. शिवेचे भांडण लागले की महाराची साक्ष घेतली जाई. बाबा म्हणाले, "माझा आजा सायबाच्या घोड्यापुढं पळत जायचा. आन् आता मलाच इचारत्यात, तू कुठला?"

पण याच कायद्याच्या नियम 13 मध्ये पुराव्यांची यादी आहे आणि ती आपले कार्यकर्ते पुरेशी वाचत नाहीत. त्यात विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थळे आहेत. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही आहे. यादीतले एकाहून अधिक पुरावे जोडायचे असतात. आम्ही बाबांना विचारले, तुमची माणसे कुठे पुरली?

ते आम्हाला वस्तीमागून खाली घेऊन गेले. तंबू लागतात त्या सपाटीच्या पलीकडे, करवंदीच्या जाळीत, पाच-सहा दगड. गावाचे स्मशान वेगळे, वरच्या अंगाला. आपल्यांना तिथे जागा नव्हती, म्हणून ही वाट पडली. ज्या विटाळाने आपल्या मेलेल्यांनाही वेगळे ठेवले, त्याचीच खूण आज आपण इथले असल्याचा पुरावा म्हणून फोटो काढून जोडायची. आम्ही फोटो काढले. बरे वाटले नाही.

जबाब द्यायला महादेव कोळी समाजातले एक आजोबा आले. बाबांपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. आम्ही लिहीत होतो, ते सांगत होते. "ह्याच्या आज्याला मी पाह्यलंय. आमच्या वट्यावर चढत नव्हता." मग थांबले. "चढू देत नव्हतो, असं लिव्हा." बाबा काही बोलले नाहीत. आम्ही तसेच लिहिले आणि त्यांनी अंगठा दिला.

कलम 3 परंपरेने उपभोगलेले इतर हक्कही मानते, शिकार सोडून. म्हणून सामूहिक दाव्यात ही वाटसुद्धा घातली: वस्तीपासून दगडांपर्यंत, तिथून पाण्यापर्यंत. एका सहकाऱ्याला हे किरकोळ वाटले. पण 1986 पासून हे अभयारण्य आहे, आणि उद्या ती सपाटी कुंपण घालून पर्यटनाला दिली तर बाबांची माणसे जाणार कुठून?

ग्रामसभेने ठराव केला आहे. फाईल उपविभागीय समितीकडे गेली. इतर अभयारण्यांतल्या आपल्या वस्त्यांवर काम करणाऱ्यांनी दाखले गोळा करायच्या आधी म्हाताऱ्यांचे जबाब घ्यावेत, आणि शेजारच्या समाजातले आधी. आमच्या यादीतले दोघे गेल्या पावसाळ्यात, जबाब व्हायच्या आधीच वारले.