पिलबाग

सावद्याला नवतीची बाग कापून झाली, की त्याच बुंध्यांच्या पिलांवर पिलबाग धरतात. भाव बहुधा कमीच मिळतो. ‘रात्रीस खेळ चाले’ची पुढची पर्वे पाहताना हे आठवत राहिले. २०१६ च्या मूळ मालिकेत अण्णा नाईक आरंभीच मरतात. त्यांची अनुपस्थिती हेच त्या संहितेचे बळ होते. वडिलांच्या पश्चात आमच्या घरातही बरेच काही अनुच्चारित उरले होते. म्हणून असेल, आई आणि मी ती मालिका निमूट पाहत असू. २०१९ मधील पूर्वकथेने अण्णांना देह दिला, २०२१ मधील तिसऱ्या पर्वाने त्यांचे भूत दृश्यमान केले. आस्वादकाच्या कल्पनेसाठी असलेली रिक्त जागा अशी भरून टाकली गेली. आई म्हणाली, “आता भीती वाटत नाही.” त्यात सुटकेपेक्षा हळहळ अधिक होती.