काळी पडलेली बाटली

काही वर्षांपूर्वीचा जुलै महिना. आमच्या गल्लीतले जुलाब-उलट्यांचे पेशंट एकापाठोपाठ एक येऊ लागले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या आजी नातवाला घेऊन आल्या. पोराचे डोळे खोल गेलेले, तोंड कोरडं. "पाणी उकळता का?" मी विचारलं. "डॉक्टर, नळाचं पाणी काचेसारखं आहे हो, उकळायचं कशाला?" खरं सांगतो, तेव्हा माझ्या घरीही उकळत नव्हतो.

पोराला जलसंजीवनी सुरू केली आणि पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला. पण तिथे जंतू वाढवून मोजावे लागतात. पहिल्या टप्प्यालाच २४ ते ४८ तास, मग खात्रीची चाचणी. अहवाल येईपर्यंत गल्ली तेच पाणी पिणार!

म्हणून एच-टू-एस बाटल्या आणल्या. ही चाचणी आपल्याच देशातली. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ती १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. बाटलीत रसायन लावलेली कागदाची पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि उबदार जागी ठेवायचं. विष्ठेने दूषित पाण्यातले काही जंतू हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. पट्टीतल्या लोहाशी त्याचा संयोग झाला की पाणी काळं पडतं. साधारण १२ ते १८ तासांत अंदाज येतो.

रात्री दोन बाटल्या भरल्या. एक आजींच्या नळाची, एक माझ्या घरची. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं, तर दोन्ही काळ्याकुट्ट!

अहवालाची वाट न पाहता घरोघरी निरोप दिला, पाणी उकळूनच प्या. पाणीपुरवठा विभागाला कळवलं. गटाराजवळ जलवाहिनी फुटलेली सापडली. अहवाल नंतर आला, त्यातही तेच होतं. नातू तोवर खेळायला लागला होता.

या बाटलीच्या मर्यादाही लक्षात घ्या. ती जंतूंची नेमकी संख्या सांगत नाही. कधी निरुपद्रवी जंतूंमुळेही पाणी काळं पडतं. आणि काळं पडलं नाही म्हणजे विषाणू नाहीतच, असंही नाही. अंतिम निर्णय प्रयोगशाळेचाच. पण बाटली काळी पडली, तर थांबू नका. पाण्याला खळखळून उकळी आणा, झाकून ठेवा, आणि घरात कुणाला जुलाब झाले तर लगेच जलसंजीवनी सुरू करा.

आमच्या घरी तेव्हापासून पावसाळाभर पाणी उकळूनच पितात.