मिरजेंतील एक रात्र

मिरज जंक्शनावर उतरल्याबरोबर या गांवाची खरी ओळख पटत नाहीं. त्यासाठीं सतारमेकर गल्लींत जावें लागतें. ओट्यावर वाळलेले मोठाले भोपळे रचलेले, आंत कोणी लाकूड तासतो आहे, कोणी घोडीवर कानस फिरवून जवारी काढतो आहे, आणि मधूनच तार छेडून कान लावतो आहे. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. ते खाण्याचे नव्हेत, कडू असतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रें घडविणाऱ्या शिकलगारांपैकीं फरीदसाहेब तंबोरे घडवूं लागले, आणि २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. तरवारीपासून तारेपर्यंतचा हा प्रवास मला तरी कोणत्याहि किल्ल्याहून अधिक प्रेक्षणीय वाटतो.

गेल्या हिंवाळ्यांत माध्यमिक शिक्षकांच्या एका संमेलनासाठीं मी तेथें गेलों होतों. निबंध अकरा, ठराव सात, आणि भाषणें मोजण्यापलीकडचीं! सेवानिवृत्त मनुष्य रिकामाच, या समजुतीनें चालकांनीं पहिल्या रात्रीच्या गाण्याची व्यवस्था माझ्या गळ्यांत घातली. मी एकच अट घातली : व्यासपीठ नको, अध्यक्ष नको, नांवांची यादी नको. जाजमावर बसावें आणि ज्यास जें येईल तें त्यानें म्हणावें.

तंबोरा भाड्यानें आणावयास गेलों, तेव्हां वृद्ध कारागिरानें माझें अज्ञान ओळखलें. पुरुष साधारणतः काळी एक-दोनच्या आसपास गाणार, बायका काळी चार-पांचच्या. "एका तंबोऱ्यावर दहा गळे बसवाल, तर तारा तुटतील नाहींतर गळे," असें म्हणून त्यानें एक मोठा व एक लहान असे दोन तंबोरे हातीं दिले. तबलेहि दोन न्या, म्हणाला, एक मोठ्या तोंडाचा, एक लहान. डग्गा एकच पुरे. संस्कृत शिकविण्यांत हयात गेली, पण इतका नेमका उपदेश मीं क्वचितच कोणास केला असेल.

रात्रीं नऊला आरंभीं सगळे एकमेकांकडे पाहूं लागले. शेवटीं एका बाईंनीं मेघदूतांतील श्लोक मंदाक्रांतेच्या संथ चालीवर म्हटले आणि कोंडी फुटली. एका तरुण शिक्षकानें गिटार काढली. ती तंबोऱ्याशीं जुळवितांना त्याची तारांबळ पाहून सर्वांसच धीर आला. विज्ञानाच्या गुरुजींनीं फराळाच्या डब्यावर असा ठेका धरला, कीं डबा उघडण्याचें कोणास सुचलें नाहीं. एक लावणीहि झाली. तिला वडीलधाऱ्यांनीं खालीं मान घालून दाद दिली.

कोपऱ्यांत माझे जुने सहकारी बसले होते, गणिताचे. "आपण म्हणा ना," मी म्हणालों.

ते हंसले. "आज घड्याळ कोठें ठेवलेंत, मास्तर?"

मला उलगडा होण्यास क्षणभर लागला. तीस वर्षांपूर्वीं शाळेच्या स्नेहसंमेलनांत ते ख्याल गात होते, आणि पाहुण्यांची गाडी चुकूं नये म्हणून मींच पडद्याआडून त्यांस घड्याळ दाखविलें होतें. त्यांनीं विलंबित अर्धें टाकून नमस्कार केला होता. मी तें विसरूनहि गेलों होतों.

"त्यानंतर चारचौघांत तोंड उघडलें नाहीं," ते म्हणाले. स्वरांत राग नव्हता. त्यामुळें उत्तर देणें अधिकच अवघड झालें. मीं मनगटावरचें घड्याळ सोडून खिशांत घातलें आणि मोठा तंबोरा पुढें ओढला.

"पंचम नको," ते हळूच म्हणाले. "पहिली तार मध्यमावर घ्या."

माझ्या हाताला कंप होता. खुंटी दोनदां सरकली. तिसऱ्या वेळीं तार लागली. ते किती वेळ गायले हें मी सांगूं शकत नाहीं. आवाज थकलेला होता, वरचा षड्ज एकदां निसटला. पण परत तेथें जाऊन त्यांनीं तो असा धरला, कीं गिटारवाला पोरगाहि डोळे मिटून बसला. वेळ झाली म्हणून चालक दाराशीं येऊन उभे राहिले होते. मीं त्यांस हातानेंच बसविलें.

या गांवीं मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत १९३७ सालीं निवर्तलेले अब्दुल करीम खांसाहेब विसावले आहेत. दरसाल गायक-वादक तेथें सेवा म्हणून हजेरी देतात. पहांटे आम्ही दोघे तेथवर चालत गेलों. वाटेंत कोणीच फारसें बोललें नाहीं.

नंतर तंबोरे परत करावयास गेलों. कारागिरानें मोठ्या तंबोऱ्याची खोळ काढली, तारा छेडल्या, पहिलीशीं थबकला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "रात्रीं मालकंस झाला वाटतं?"